मांजर कुठे झोपतं?

ता. ४ जून

चि. टिल्लीस,
दादाचे अ. उ. आ. (किती ते मोजू नकोस, नेहमीइतकेच आहेत.)

परवा दुपारी आडवा झालो होतो आणि साठ वर्षांपूर्वीचा एक आवाज जसाच्या तसा कानात आला. तुझा तिसरीचा वर्ग, भिंतीपलीकडे माझी पाचवी. तुम्ही सगळ्या एका सुरात कविता म्हणत होता. दुसरं कडवं संपलं, बाईंनी तुम्हाला दम घ्यायला थांबवलं, आणि त्या शांततेत, अगदी ताल सांभाळून, कुणीतरी ‘म्यांव’ म्हणालं. तुझ्या दप्तरातून तीन पिल्लं निघाली. तुला व्हरांड्यात उभं केलं. मधल्या सुट्टीत मी तुझे डोळे पुसायला म्हणून आलो, तर तिन्ही पिल्लं वाटून झाली होती आणि त्यातलं एक बाईंनीच घेतलं होतं. मी पुढे चाळीस वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मुलांच्या पुस्तकांतल्या किती कविता उलट्या अक्षरांत वाचल्या याला गणती नाही. पण यमक इतकं नेमकं पडलेलं पुन्हा ऐकलं नाही.

आठवण उगाच आली नाही. तुझी वहिनी गेल्यापासून माझ्या पत्रपेटीत विजेच्या बिलाखेरीज काही पडत नाही, हे तुला ठाऊक आहे. गेल्या तीन आठवड्यांत मात्र चार कार्डं आली, चारही अनोळखी माणसांची. एकजण कळवतो की पांढरं पिल्लू शिलाई मशीनच्या खणात झोपतं आणि रिळं बाहेर काढून ठेवावी लागली. दुसरीकडे ते सासऱ्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर झोपतं, आणि सासरे हल्ली शेकायची पिशवी मागत नाहीत. तिसरं हेल्मेटमध्ये. चौथं कुठेच झोपत नाही, फक्त जांभया देतं, अशी तक्रार आहे.

मजकूर ज्याचा त्याचा. पत्ता मात्र चारही कार्डांवर एकाच हातचा. टिल्ले, अख्खा जन्म अक्षरं ओळखण्यात घालवलेल्या माणसाला तू तुझा पोटफुगा ‘ठ’ दाखवावास? शिवाय एका कार्डावर तळाशी लिहिलं आहे की बाईंनी सविस्तर लिहायला सांगितलंय, आजोबांना वाचायची हौस आहे. या वाक्याचा खुलासा हवा.

मोठ्यांना नमस्कार सांगायला आपल्या वर आता कुणी उरलं नाही. तो तूच ठेवून घे.

तुझा,
दादा

ता. ११ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पकडलंस. आमच्या इमारतीत पत्रपेटी एकच. घरमालकीण ती स्वतः उघडते, बंद पाकिटं तेवढी सोडून उघडी कार्डं सगळी वाचते आणि मग वाटते. ‘मांजर’ हा शब्द तिच्या नजरेला पडला तर मला बिऱ्हाड हलवावं लागेल. म्हणून तुझा पत्ता. दुसरं काही कारण नाही, उगाच शोधत बसू नकोस.

पिल्लं आमच्या इस्पितळाच्या लाँड्रीतली. वाळलेल्या चादरींच्या ढिगामागे ऊब असते, तिथे मांजरी वितात. मी निवृत्त झाले तरी धुलाईच्या मावशी निरोप मलाच धाडतात. मग मी टोपली घेते आणि जिथे लोक वाट बघत बसतात तिथे जाऊन बसते. बसस्थानक, दाखल्यांची कचेरी, दातांच्या डॉक्टरकडची बाकं. घाईतल्या माणसाला मांजर देऊन उपयोग नाही. ‘फुकट’ अशी पाटी लावत नाही. फुकट म्हटलं की लोक पिशवी आणतात. मी हाकही मारत नाही. टोपली मांडीवर, वर फडकं, आणि गप्प बसायचं. आतून आवाज आला की शेजारचा आपणच वळतो. उंदीर धरेल का, असं विचारलं तर मी हसून विषय बदलते. काय खातं, असं विचारलं तर पिल्लू त्याच्या मांडीवर ठेवते आणि पाणी पिऊन येते म्हणून उठते. पाणी पीत नाही. खांबाआडून बघते. पायाला मुंग्या आल्या तरी जो पाय हलवत नाही, त्याला मांजर द्यायचं.

मग कार्ड. त्यावर एकच प्रश्न: मांजर कुठे झोपतं? महिन्याभरात लिहून पेटीत टाका म्हणते. चौतीस वर्षं वॉर्डात काढली, दादा. नातेवाईक पेशंटबद्दल पुष्कळ बोलतात. पण तो कुठल्या कुशीवर झोपतो हे ज्याला माहीत, तोच जवळचा. बाकीचे भेटायला आलेले.

या खेपेला सात दिली. कार्डं जपून ठेव. गोळ्या वेळेवर घे. लोभ आहे तसाच राहू दे. वाढला तर माझी हरकत नाही.

तुझी,
टिल्ली

ता. २० जून

चि. टिल्लीस,
दादाचे आशीर्वाद, आणि आज त्यात थोडा नमस्कारही मिसळला आहे, गोड मानून घे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खांबाआड उभी राहून अनोळखी माणसाचे पाय निरखणारी माझी धाकटी बहीण डोळ्यांसमोरून हलत नाही. मी आयुष्यभर कवितांत माणसं शोधली. तू त्यांना बाकावर बसून पाच मिनिटांत वाचतेस, तेही चष्म्याशिवाय. एवढं सगळं करतेस आणि मला कधी अवाक्षर बोलली नाहीस. कौतुक करायचं तरी कुणाजवळ? शेवटी दूधवाल्याला सांगितलं. तो म्हणाला की बाई जबरी आहेत. मी म्हटलं, आमच्याकडचीच आहे.

आणखी दोन कार्डं आली. लोखंडी सामानाच्या दुकानातलं पिल्लू तराजूच्या पारड्यात झोपतं, म्हणून खिळे घ्यायला आलेल्यांना मालक तासाभराने या म्हणतो. दुसरं दातांच्या डॉक्टरकडे, रुग्णाच्या खुर्चीत. रुग्ण त्यामुळे खूश, कारण तेवढाच वेळ टळतो. कार्डं मी टेबलासमोरच्या भिंतीवर ओळीने लावली आहेत. रोज सकाळी चहा घेताना ती पुन्हा वाचतो. ज्यांनी स्वतःचा पत्ता लिहिला त्यांना उत्तरंही धाडतो, सोबत स्वतः रचलेल्या चार ओळी. हसू नकोस. शिंपीदादांनी त्या मशीनवर चिकटवल्याचं कळवलं आहे.

पण तू सात म्हणालीस. भिंतीवर सहाच आहेत. सातवं कुणाचं?

तुझा,
दादा

ता. २८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सातवं करड्या पिल्लाचं. तू विचारणार हे माहीत होतं आणि विचारू नये असं वाटत होतं.

ते मी कोर्टाच्या व्हरांड्यात दिलं. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल. नवराबायकोचा निकाल नुकताच लागला होता; मुलगी आईकडे, याच्याकडे फक्त शनिवार-रविवार. हे त्याचा वकील त्याला दोनदा समजावून सांगत होता आणि हा स्वतःच्या हातांकडे बघत होता. हात थरथरत होते. वकील गेला. दादा, मी आजवर कधी जागेवरून उठून कुणाकडे गेले नाही, त्या दिवशी गेले. त्याने काही विचारलं नव्हतं. टोपलीकडे पाहिलंही नव्हतं. मी करडं पिल्लू त्याच्या हातांत ठेवलं, कार्ड खिशात सरकवलं आणि चालू लागले. पाणी प्यायला नाही, मागे वळून बघायलाही नाही. माझेच डोळे भरले होते.

अडीच महिने झाले. रोज वाटतं, मी काय केलं? दुखणाईत माणूस दिसला आणि सवयीने औषध देऊन टाकलं. औषधाचा विचार केला, मांजराचा केला नाही. ज्याला स्वतःचं जेवण आठवत नसेल तो त्याला दूध कुठलं घालणार? कुठे रस्त्यावर सोडलं असेल. ते सगळ्यांत अशक्त होतं.

म्हणून मी हे बंद केलं आहे. लाँड्रीत पुन्हा चार पिल्लं आहेत, मावशींचे निरोप येतात. इस्पितळाच्या नव्या व्यवस्थापकांनी चौदा तारखेला, सोमवारी, गाडी बोलावली आहे, सगळी मांजरं उचलून न्यायला. मला कळतं. पण टोपलीला हात लागत नाही. माझी नजर चुकते हे एकदा कळल्यावर कुठल्या तोंडाने बाकावर बसू?

तुझी,
टिल्ली

ता. १ जुलै

चि. टिल्लीस, आ.

पत्र लहान आहे, रागावून लिहितोय. चाळीस वर्षांत माझ्या हातून किती खिळे उलटे बसले ते मालकांना विचार. ‘मास्तरांचा मान’ जुळवायचं तिथे ‘मास्तरांची मान’ जुळवून दोन हजार प्रती छापल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेलो. तूच डबा हातात देऊन ढकललं होतंस.

तुला बसवत नसेल तर मी बसतो. पिल्लं इकडे पाठव. मामेभावाचा मालाचा ट्रक आठवड्यातून दोनदा इकडे येतो. टोपलीला भोकं पाडायला त्याला सांगू नकोस, तो फार मोठी पाडतो.

दादा

ता. ५ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू दोन वर्षांत कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेला नाहीस आणि आता पिल्लं वाटणार. ठीक आहे. दोन पाठवते. चारही पाठवायला धीर होत नाही. तू कुणाच्याही गळ्यात बांधशील. उरलेली दोन सध्या लाँड्रीतच. सोमवारचं सोमवारी बघू, असं म्हणते आणि झोप लागत नाही.

पिल्लांना वाटीतलं दूध कोमट करून दे. कृपा करून कुणाला कविता ऐकवू नकोस.

टिल्ली

ता. ९ जुलै

चि. टिल्लीस,
दादाचे अ. उ. आ.

कविता ऐकवली. आधीच कबूल करतो.

काल हयातीचा दाखला द्यायला पेन्शनच्या कचेरीत जायचंच होतं, दोन्ही पिल्लं बरोबर घेतली. जिवंत असल्याचा पुरावा द्यायला आलेली आम्ही तीसेक म्हातारी माणसं, पंखा एक. वाट बघायला याहून उत्तम जागा तुलाही सापडली नसती. शेजारी बसलेल्या निवृत्त इंजिनचालकाने टोपलीकडे वळून विचारलं की हे काय खातं. मी पिल्लू त्याच्या मांडीवर ठेवलं. आता उठून पाणी प्यायला जायचं, हे तुझ्या पत्रातलं पाठ होतं. पण गुडघा उठू देईना. मग म्हटलं, चार ओळी म्हणाव्यात. तिसऱ्या ओळीवर डोळे आपोआप मिटले, तुला माहीत आहे माझं. उघडले तर बाक रिकामा! इंजिनचालक नाही, पिल्लू नाही. छातीत असं धस्स झालं की पुराव्याची गरज तिथेच संपली असती. तुला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. गुडघा विसरून धावलो. तर गृहस्थ खिडकीपाशी उभे, नंबर पुकारला म्हणून गेलेले. पिल्लू खांद्यावर, आणि कारकुनाला सांगत होते की शिक्का हळू मार, झोपलंय. तू टोपलीत ठेवलेल्या कार्डावर त्यांनी माझ्यासमोरच सही ठोकली.

घरी येताना मला तुझं मोठेपण कळलं, टिल्ले. आपलं लाडकं काही परक्या हातात ठेवायचं आणि मग निमूट वाट बघायची, हे मला एकदा करताना घाम फुटला. तू ते किती वर्षं करते आहेस? दुसरं पिल्लू मी परत आणलं. सध्या ते माझ्या शब्दकोशावर

थांब. कुणीतरी दार वाजवतंय. या वेळेला माझ्याकडे कुणी येत नाही.

*

पुढचं पेन्सिलीने लिहितोय, कारण माझं पेन पाहुणीने घेतलं आहे. पाहुणी माझ्या टेबलापाशी बसली आहे. तिच्यासोबत आठेक वर्षांची मुलगी, आणि झाकणाची टोपली. दार उघडल्यावर बाईंनी आधी पत्ता ताडून पाहिला, मग म्हणाल्या की करड्या मांजराचं कार्ड फार उशिरा आणलंय, रागावू नका.

टिल्ले, ही त्याची बायको. म्हणजे आता नव्हे. पण मुलीची आई. निकालाच्या दिवशी त्याच व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ती बसली होती. एक अनोळखी बाई त्याच्या हातांत पिल्लू ठेवून गेली ते तिने पाहिलं, आणि तुला जे आज वाटतंय तेच तिलाही तेव्हा वाटलं: हा माणूस याला चार दिवसांत मारणार. तो मात्र तासभर तसाच बसला. हातांचा खोपा करून. हात थरथरायचे थांबेपर्यंत उठलाच नाही.

आता मांजर मुलीबरोबर जातं-येतं. शनिवार-रविवार त्याच्याकडे, बाकीचे दिवस आईकडे. दोघं अजूनही एकमेकांशी बोलत नाहीत. पण टोपलीत चिठ्ठी असते: दूध कमी प्यालं, उजव्या कानामागे खाजवतंय. कार्डावर त्याने पहिल्याच महिन्यात लिहिलं होतं की माझ्याकडे असतं तेव्हा माझ्या चपलांवर झोपतं, आणि खालची अर्धी जागा कोरी सोडून कार्ड टोपलीतून तिच्याकडे धाडलं. त्याच्या अक्षराखाली आपलं अक्षर लिहायला तिचा हात होईना. दोन महिने कार्ड डब्याखाली पडून होतं. आज आजोळी जाताना गाडी इथे बदलायची होती, निघताना कार्डावरचा पत्ता याच गावचा दिसला, मुलगी हटून बसली, म्हणून उतरल्या. आणि आता माझ्या पेनाने ती खालची अर्धी जागा भरते आहे. मी बघत नाही. मुलगी मोठ्याने वाचते आहे, त्याला मी काय करणार?

हा शनिवार-रविवार बापाने टोपलीतल्या चिठ्ठीतूनच आजोळासाठी सोडला आहे; रविवारी परतताना त्या पुन्हा इथे थांबणार आहेत. टोपलीवाल्या बाईंना भेटायचं आहे म्हणतात. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. शनिवारची सकाळची गाडी धर, आणि ती उरलेली दोन्ही पिल्लं बरोबर घेऊन ये. सोमवारपर्यंत थांबायचं नाही. मधे गाडी बदलताना बाकावर बसायला अर्धा तास मिळतो, तो वाया घालवू नकोस.

आणि टोपली घरी ठेवून आलीस तर दार उघडणार नाही.

तुझा,
दादा