झाकण तुह्यापाशी, डबा माह्यापाशी

तानू, माह्या पितळी डब्याचं झाकण अकरा महिने होत आले तुह्यापाशी आहे, अन् तू त्यानं काय झाकून राह्यली ते देव जाणे. डबा इथं माह्या फळीवर उघडा पडला आहे. त्यात झुरळं चढतात-उतरतात, जसं मोटार स्टँड आहे. दुसऱ्याची वस्तू नेली तं माणूस सणावाराले तरी वापस करते. तू तं गाव सोडताना झाकण लुगड्यात बांधलं, मोटारीत बसली, अन् मागं वळून पाह्यलंसुद्धा नाही. मी वेशीपाशी उभी होती. शेण वेचायले आली होती, तुह्यासाठी नाही.

आता रामराम घे. गंगाभागीरथी तानुबाई यांस, मुक्काम वरवट बकाल, गोजरबाईचा दंडवत पोचो. (पत्रात एकदा 'यांस' लिहा लागते असं मले दुसरीत शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. पुढं तू म्हणजे तूच.) इकडे सगळं खुशाल आहे, माह्ये दोन गुडघे सोडून. तिकडे तुह्यी तब्येत कशी आहे, भगवंतरावले मायची सेवा करता करता कटाळा आला का, वच्छला सून चहाले दुधाची नुसती बातमीच सांगते का आता दूधही घालते, हे कळव. (शालू बाई, हे पत्र तूच वाचून दाखवत असशीन, कारण तुह्या आजीले अक्षरं मुंग्यावानी दिसतात अन् तिनं कधी शिकून घेतलं नाही. मी दुसरीपर्यंत शिकली. हुशार होती म्हणून नाही, घरी लय तरास द्याची म्हणून बापानं शाळेत नेऊन बसवलं. तं पोरी, जोरानं वाच. आजीले कमी ऐकू येते असं तिचं म्हणणं आहे. चहाचं वाक्य तुह्या मायसमोर वाचलं गेलं असलं तं आता इलाज नाही, पुढं चाल.)

तानू, तुह्यी खबर मले शेषरावनं सांगतली. तो मिरच्या घेऊन तुमच्या तिकडच्या बाजारात गेला होता. म्हणे, तानुबाई भिंतीले टेकून बसली राह्यते. कोणी बोलाले आलं तं आधीच सांगते, बापा मले ऐकू येत नाही, तू आपला चहा घे अन् जाय. भजनाले जात नाही, लग्नात जात नाही, पोट्ट्या खिदळल्या तं तिले वाटते आपल्यालेच हसून राह्यल्या. भगवंतराव तुले मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला, डाक्टरनं कानात बत्ती घालून पाह्यली अन् म्हणला, कान चांगले आहेत. तं तू म्हणे त्याले सांगतलं, डाक्टर, तुह्या वयापेक्षा माह्ये कान जुने आहेत, त्याईचं मले इचार. हे ऐकून मी शेषरावसमोर हसली. तो गेल्यावर भाकर करपली माह्यी.

आता कोजागिरीचा विषय निघालाच आहे तं बोलून टाकू. (निघाला नव्हता. मी काढला.) आपण दोघी एकाच मांडवात लगीन लागून या गावात आलो, मी नऊ वर्साची, तू आठ. सासू आपापल्या, पण भिंत एक. त्या पहिल्या भादव्यात मातीची भुलाबाई बसली, कोजागिरीपर्यंत पोट्ट्यांनी गाणी म्हणली, अन् खाऊ ओळखाची पाळी आली. माह्या सासूनं याच पितळी डब्यात खाऊ घालून झाकण लावलं अन् एकेकीले हलवाले दिला. कोणी म्हणे शेंगदाणे, कोणी म्हणे खारका. तू नाकातला शेंबूड पुसला, डबा कानापाशी धरला, एकदा हलवला, अन् म्हणली, फुटाणे आहेत, पण सालं काढलेले. झाकण उघडलं तं तसंच. त्या दिवसापासून छप्पन वर्सं तू चुकली नाही. मी काय काय नाही घातलं त्या डब्यात! गुळाचे खडे घातले, सुकी बोरं घातली, एका साली नुसती साखर घातली. ज्या वर्सी मी करंज्या केल्या त्या वर्सी तू म्हणली, अकरा आहेत, अन् एक फुटकी. मी रागारागानं मोजल्या तं अकरा. फुटकी तळाशी होती.

अन् मागच्या कोजागिरीले तू तीनदा डबा हलवला. सगळ्या पोट्ट्या कान लावून. रुक्मिणीबाई चूप, जे तिच्या जन्मात झालं नव्हतं. तुह्यं तोंड असं झालं जसं पायाखाली पायरी नाही. मग तू हळूच म्हणली, रिकामा आहे. मी डबा आत नेला अन् ताटात करंज्या काढून आणल्या, बारा. पोट्ट्या जे हसल्या! मी सगळ्याईत जोरानं हसली. अन् म्हणली, तानू, कान गेले वं तुह्ये. तुह्या वाटणीची करंजी मी डब्याच्या झाकणात घालून तुले देली. तू ती खाल्ली नाही. झाकणासकट उठून घरी गेली. दिवाळीले भगवंतराव आला, तू त्याले म्हणली मले घेऊन चाल, अन् विषय संपला. छप्पन वर्सांत भांडलो नाही असा एक आठवडा नसन, पण तू न भांडता गेली. हे मले पटलं नाही. शिव्या देऊन जायले काय झालं होतं?

तुले वाटन गोजर रडून राह्यली. नाही. रडाले वेळ कुठी आहे, कपाशीचं निंदण आहे. पण एक गोष्ट माह्या ध्यानात आली, ते सांगते. शालिग्रामचे बाबा गेले तवा सारं गाव आलं. तेरा दिवस घरात चूल पेटू देली नाही कोणी, या घरून पिठलं, त्या घरून भाकर. बाया गळ्यात पडल्या. तू माह्या डोक्यावरून हात फिरवला अन् कानात म्हणली, जास्त रडू नको, सर्दी होईन. नवरा गेला तं असं राह्यते. अन् मैतरीण गेली तं? कोणी येत नाही वं. भेटाले नाही, पिठलं घेऊन नाही. कौशल्या सून इचारते, आत्याबाई, आज जेवत काऊन नाही? म्हणलं दात दुखते. (माह्ये दात किती राह्यले ते तुले माहीत आहे. कौशल्याले पण माहीत आहे, पण पोरगी चांगली आहे, मोजले नाही तिनं.)

शालिग्रामच्या बाबाचं अन् माह्यं प्रेम होतं का, असं हल्लीच्या शिकलेल्या पोट्ट्या इचारतात. तुले त्या चपला आठवतात? त्याईनं बाजारातून हौसेनं आणल्या, घरी येऊन पाह्यलं तं दोन्ही डाव्या पायाच्या. मी वर्सभर त्याच घालून वावरात गेली. याले प्रेम म्हणत असतीन तं होतं. पण त्या चपलाईवर तू अन् मी बांधावर बसून जे हसलो ना, तसं मी नवऱ्यासंगं कधी हसली नाही. त्याले काय म्हणतात ते दुसरीपर्यंत शिकवत नाहीत.

तू गेल्यावर मी दुसरा छंद लावून पाह्यला. ग्रामपंचायतीत रेडिओ आला आहे, तिथं जाऊन बसली. त्यातली बाई सारखी बोलते, आपलं काही ऐकत नाही. तसं कराले तं मले रुक्मिणीबाई आहे. मग म्हणलं चाला, तिच्यासंगंच खेळून पाहू. डब्यात खारका घातल्या, वर ताटली ठेवली, अन् तिच्या हातात देऊन म्हणलं ओळख. तिनं ताटली काढली, आत पाह्यलं, अन् म्हणली, खारका. असल्या बाईसंगं कोणी कसं म्हातारं व्हावं? शेवटी एक दिवस घरात कोणी नव्हतं तवा मीच डबा भरला, मीच हलवला, अन् बरोबर ओळखलं. काही मजा नाही त्यात.

मग शिमगा झाल्यावर मी सरळ तुह्याकडेच निघाली. तुले कोणी सांगतलं नसन, कारण मी कोणाले सांगतलं नाही. डब्यात गूळफुटाणे भरले, झाकण नाही म्हणून वर फडकं बांधलं, अन् देऊळगावराजाहून बुलढाण्याच्या मोटारीत बसली. बाकावर खिळा वर आलेला. (महाराष्ट्राचं राज्य होऊन चार वर्सं झाली, पण त्या खिळ्याले अजून कोणी कळवलं नाही.) शेजारी एक पागोटेवाला होता. त्यानं इचारलं, आजी, डब्यात काय? आता मले कोणी असं इचारलं तं मी सरळ सांगणार आहे का? म्हणलं हलवून ओळख. बरोबर आलं तं मूठभर तुह्यं. त्यानं हलवलं अन् म्हणला, खिळे. त्याच्या मागच्यानं हलवलं अन् म्हणला, औषधाच्या गोळ्या. डबा बाकाबाकावरून फिराले लागला. एक पोलीस होता, तो म्हणे उघडून दाखवा. सारी मोटार त्याच्या अंगावर ओरडली, का हे खेळात बसत नाही. कंडक्टर तिकिटं सोडून डबा कानाले लावून उभा, घंटी माराची राहून गेली, अन् एका खेड्यातली दोन माणसं आपला फाटा सोडून दोन कोस पुढं आली. तीही उतराले तयार नव्हती, त्याईची पाळी यायची होती. चिखलीच्या अलीकडे डायवरनं लिंबाखाली मोटार उभी केली. म्हणे, मीच काय पाप केलं?

ओळखलं कोणी माहीत आहे? मागच्या बाकावर एक नवी नवरी होती, डोळ्यापर्यंत पदर. तिनं हलवला एकदाच, अन् पदरातून म्हणली, गूळफुटाणे आहेत, पण गूळ चिकट झाला आहे. तानू वं! आठ वर्साची तू अशीच बोलली होती. मी फडकं सोडलं, तिले दोन मुठी देल्या. तं लगेच साऱ्या मोटारीचं म्हणणं, आम्ही हेच म्हणणार होतो. खिळेवाला पण म्हणे, मी मनात फुटाणेच म्हणलं होतं. बुलढाणा येईपर्यंत डबा पुसून साफ. मी स्टँडवर बसली. तुह्याकडे येणारी मोटार समोर लागली, भरली, अन् गेली. रिकामा डबा घेऊन तुह्या दारात कशी उभी राहू, असं म्हणलं, अन् मी आल्या वाटेनं वापस आली.

तं एवढ्यासाठी पत्र, का भुलाबाई बसाले पंधरा दिवस राह्यले, पोट्ट्या मखरासाठी आतापासून ज्वारीचे धांडे हेरून राह्यल्या, अन् माह्या डब्याले झाकण नाही. झाकण पाठवून दे. मोठ्याईले नमस्कार सांग, म्हणजे कोणाले सांगू नको, आपल्याहून मोठं आता राह्यलंच कोण. लहान्याईले आशीर्वाद. वच्छलाले पण सांग.

तुह्यी,
गोजर

ता. क. शालू बाई, आता थांब. आजीले पाणी दे. मग तिच्या मागं जाऊन उभी राह्य, दहा पावलं लांब. अन् याच्या पुढचं जोरानं वाचू नको. हळू वाच, जसं मांजरीच्या कानात सांगावं.

तानू, त्या दिवशी डब्यात कापूस होता. घरचा, सरकी काढलेला. खाली थर, वर थर, अन् एकेका करंजीच्या मधात, जसे बांगडीवाले काचेचा माल बांधतात. म्हणूनच मी डबा आत नेऊन उघडला अन् ताटात काढून आणला. रुक्मिणीबाईच्या दातात धागा आला होता, तं ती म्हणली खोबरं जून आहे. छप्पन वर्सांत एकदा तुले हरवावं, एवढंच मनात होतं. हसून झालं की सांगणारच होती. पण तू झाकण घेऊन उठली, अन् मग रोज सांगाले उशीर होत गेला. डबा वाजला नाही, कारण त्यात आवाजच नव्हता. तुह्ये कान चांगले आहेत. डाक्टर खरं बोलला. त्याची माफी माग, तो लहान आहे.

शालू, ती वळून पाहून राह्यली ना? शिव्या देऊन राह्यली ना? दे म्हणा. आता जवळ ये अन् पुढचं वाच.

दुसरी ता. क. माह्या दूध तापवाच्या गंजाचं झाकण या डब्याले नेमकं बसते. हे मले दिवाळीपासून माहीत आहे.

तिसरी ता. क. बुलढाण्याहून मी वापस आली, ते डबा रिकामा होता म्हणून नाही.

जवाब तानूनंच द्याचा. भगवंतरावनं नाही, शालूनं लिहून नाही, वच्छलानं तं बिलकुल नाही. लिहिता येत नाही हे मले सांगू नको. जे काही म्हणाचं असन, राग असन, शिव्या असतीन, ते तुह्या घरच्या एखाद्या डब्यात घाल, वर माह्यं झाकण लाव, जुळलं नाही तं फडक्यानं बांध, अन् पुनवेच्या आत मोटारीनं स्वतः घेऊन ये. मी वेशीपाशी शेण वेचत राहीन. डबा पहिले मी हलवीन, मग तू बोल.