फौत रकाना

३ जून १९८३
अजिंठ्याहून औरंगाबादला येऊन तीनच दिवस झाले आणि मी चक्क खुशीत आहे. निजामाच्या काळातली उर्दू रजिस्टरं मराठीत आणायची नोकरी. एका रकान्यात फौत, म्हणजे मयत माणूस. शेजारच्या रकान्यात वारस. मी मोठ्यानं वाचते, कारकून रामकिसन लिहून घेतो, खाली दोघांच्या सह्या. अख्ख्या कचेरीत उर्दू येणारी मी एकटी. चुकले तरी पकडणार कोण, असं मी त्याला चिडवते. शहागंजात मावशीकडं, बिल्किसखालाकडं, खोली मिळालीय. दिवसभर उर्दूच असते, म्हणून डायरी मराठीत.

२१ जून
गळा सुजलाय, हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, थायरॉइडची ग्रंथी सुजलीय. कधीकधी आपलं शरीरच तिच्यावर उठतं. पण रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल. मीही फार मनावर घेतलं नाही.

८ जुलै
हर्सूलची मनकर्णाबाई कचेरीत आली. आमच्या नकलेत ती फौत, त्यामुळे जमीन पुतण्याच्या नावावर चढली. म्हातारी एवढंच म्हणाली, मी हाय की जित्ती, बघा ना बाई. मी मूळ रजिस्टर काढून पुन्हा वाचलं. फौत रकान्यात तिचंच नाव. रामकिसन म्हणाला, फहमिदाबाई, कागदावर हाय तेच खरं. मला तिच्याकडं बघवेना.

९ जुलै
राहवलं नाही. रजिस्टर पिशवीत घालून घरी आणलं, खालाला वाचायला लावलं. फौत तिचा नवरा पुंजाराम. मनकर्णाबाई वारस. खालानं तीनदा वाचलं. मला अजूनही तिचंच नाव दिसतंय.
महिन्याभरात मी सहाशे नोंदी वाचल्या आहेत. भीती वाटते.

१२ जुलै
साहेबांना सांगितलं, सगळं पुन्हा तपासा. ते म्हणाले, सह्या झाल्यात. डॉक्टर म्हणाले, मनाचा आजार आहे. मी सुजेचं विचारलं, तर गळ्याचा डोक्याशी काय संबंध, म्हणून हसले.

१९ जुलै
काल फिट आली म्हणे. आठवत नाही. जीभ चावली गेलीय. तारीख खालाला विचारून लिहिली.

जुलै
कचेरीत गेले. रजिस्टर उघडलं — फौत रकाना — फहमिदा, राहणार अजिंठा. पुढं अब्बांचं नाव. वारस कोणी नाही.
मोठ्यानं वाचलं. रामकिसननं मान खाली घालून लिहून घेतलं, रोजच्यासारखं. मी सही केली.

खाला जेव म्हणते. मेलेल्याला कोण —
रजिस्टर तिच्यापुढं ठेवून म्हटलं, पुन्हा वाच. ती रडते, वाचत नाही.
ही डायरी मराठीतच ना? अक्षरं ओळखू येत —
खाला, बघ ना, मी आहे की जि