व्याह्यायचे अकरा मार्क

रा. रा. केशवराव,
जुने शहर, अकोला.

महादेवचा रामराम घ्या. तुमचा गुडघा काय म्हणते? वहिनीची साखर आटोक्यात हाये का? इकडं मूर्तिजापुरात आमी खुशाल आहो, असं लिहायची रीत हाये म्हणून लिहून राहिलो.

तर झालं असं, सरकारी दवाखान्यातून एक पोरगी आली. ऐंशीच्या वरच्या म्हाताऱ्यायचं मन तपासून राहिले म्हणे. (नाडी पायली नाही, जीभ पायली नाही, मन कसं पायते बाप्पा!) पंधरा प्रश्न, हो की नाही तेवढं सांगायचं. जीव रमते का? रिकामं-रिकामं वाटते का? आता घरी आलेल्या पाहुणीनं खुशाली इचारली तं माणूस रडगाणं गाते का? त्यात पोरगा, सून, नातवंडं सारी समोर बसलेली. मी आपलं "मस्त हाये, मस्त हाये" करत गेलो. फक्त "बाहेर जाण्यापरीस घरातच बरं वाटते का" याले हो म्हणलं. (वैशाखात आपल्याकडं गधाबी सावली सोडत नाही.) तर तेवढाच एक मार्क भेटला. पंधरात एक! सातवीच्या गणितातबी एवढी बेइज्जती झाली नव्हती.

त्याच आठवड्यात वरूडहून खबर आली, आमचे व्याही पंजाबराव यायले अकरा मार्क! ही सोयरीक तुमीच जुळवली, त्यायचा तोरा तुमाले माहीत हाये. भर मांडवात मानाच्या टोपी-दुपट्ट्यावरून रुसले होते. माह्या अंगाचा तिळपापड झाला. सूनबाई पौर्णिमा फोन ठेवून रडाले लागली. मले वाटलं, बापाचा अभिमान. सकाळी ती अन् पोरगा गजेंद्र वरूडले निघाले, तं मीबी पेढ्याचा पुडा घेऊन गाडीत बसलो. व्याह्याचा मान ठेवाच लागते.

पंजाबराव बंगईवर झोकाबी न घेता बसून होते. विहीणबाई गेल्यापासून घरात एकटेच. दाढी वाढलेली. मी तोंडात पेढा कोंबला अन् म्हणलं, "अभिनंदन!" ते म्हणले, "कायचं?" पौर्णिमेनं मले बाजूले नेलं. म्हणे, "मामाजी, या परीक्षेत जेवढे मार्क जास्त, तेवढं मन खचलेलं." खरं सांगतो केशवराव, मेल्याहून मेल्यासारखं झालं. असल्या माणसाशी मी बरोबरी करून राहिलो होतो!

औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणते, एकटं ठेवू नका. पण हे आमच्याकडं याले तयार नाहीत. लेकीच्या घरचं पाणी आजवर पेलो नाही, आता राहाले कसा येऊ म्हणतात. पौर्णिमा पाया पडली. गजेंद्रनं गाडीत बॅग ठेवली, त्यायनं उतरवून घेतली. पोरगी घर येईपर्यंत गाडीच्या काचातून मागंच पाहत होती. तिले असं पाहून माहा जीव तुटते.

बाकी सारं ठीक. वहिनीले नमस्कार.

तुमचा,
महादेव

ता. क. – पंजाबराव तुमचं ऐकतात. त्यायले फोन करून सांगा, की महादेवले बारा मार्क पडले, तो धड जेवत नाही, बोलत नाही, त्याले सोबत पाहिजे. म्हणा, लेकीकडं राहू नका, दुखणेकरी व्याह्याच्या सोबतीले जा. रुसणारा माणूस हाये, पण आजाऱ्याले नाही म्हणणार नाही.

ता. क. आणखी – खोटं बोलाचं पाप तुमाले लागणार नाही. ते प्रश्न मी मनातल्या मनात पुन्हा सोडवले. बारा खरेच पडतात. पंजाबराव आले की दोघं संगतीनं डॉक्टरकडं जाऊ, एकट्यानं जायची लाज वाटते. पौर्णिमेले मात्र यातलं काही सांगू नका. एका पोरीनं किती बापायसाठी रडावं?