बोटीचं कव्हर आणि बारा खोकी बर्फ

बुकित बातोक, सिंगापूर
१२ ऑक्टोबर, रविवार

श्री. हेमचंद्रराव यांस,

निशिकांतचा नमस्कार. पत्राच्या आरंभी ‘विनंती विशेष’ लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मी लिहिली असं समजा, पण या खेपेस विनंती खरोखरच आहे आणि ती खाली येईल. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कटकट वाजतो की आता नुसताच दुखतो? सुलेखाताईंचा खांदा आखडल्याचं शैला म्हणाली (तिला कुठून कळलं कोण जाणे, दोघी बहिणींचं बोलणं तर बंद आहे). त्यांना म्हणावं गरम पाण्याने शेकत जा, आणि जड पातेली तुम्ही उचलत जा. आमच्याकडे सगळे बरे. हवा एकतीस अंश, दुपारनंतर पाऊस. गेल्या वर्षी पत्र लिहिलं असतं तरी हेच लिहिलं असतं.

फोन, मेसेज सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. माझे सात मेसेज तुमच्याकडे निळे होऊन पडले आहेत. आठवा पाठवायचा धीर होईना. इतक्यात कळलं की आमच्या गणपती मंडळाच्या सामानाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते दिलीप शुक्रवारी मुलीकडे तुमच्या टोरांटोला निघालेत. हातात दिलेलं पत्र माणूस निदान उघडतो. सोबत शैलाने फराळाचा डबा दिला आहे. एवढा अबोला असून तिने ताईसाठी चिरोटे केले, तेव्हा मला स्वयंपाकघरात थांबवेना. डब्याखाली मधोमध चिरलेले चार टेनिसचे चेंडू आहेत, ते फराळातले नव्हेत. त्यांचा उलगडा पुढे होईल.

जानेवारीत तुमच्या बोटीवरचं कव्हर कोसळलं त्याला नऊ महिने झाले, आणि त्या दिवसापासून आपला रविवारचा फोन बंद आहे. पंधरा वर्षं चाललेला फोन! आमचे रविवार सकाळचे साडेआठ, तुमचे शनिवार संध्याकाळचे साडेआठ (थंडीत साडेसात). सुरुवातीची पाच मिनिटं आपण दोघं, मग तासभर त्या दोघी. आता साडेआठ वाजायला आले की शैला चपला घालते आणि चालायला जाते. तिने मला एका शब्दाने दोष दिलेला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. सख्ख्या बहिणींचं बोलणं एका कव्हरावरून तुटावं आणि ते कव्हर माझ्या सल्ल्याने बांधलेलं असावं, याचं मला फार वाईट वाटतं. यंदाच्या हिवाळ्यात ते कव्हर उभं राहिलं तर फोनही पुन्हा सुरू होईल, अशी माझी समजूत आहे, आणि पुढचा सगळा खटाटोप त्याच समजुतीपायी केला आहे.

झालं ते तुम्हाला ठाऊक आहे (तुम्ही त्याच्या आतच होता), पण माझ्या बाजूने एकदा लिहितो. गेल्या नोव्हेंबरात तुम्ही अंगणात ट्रेलरवर चढवलेली अठरा फुटी बोट फोनवर चारी बाजूंनी दाखवलीत आणि म्हणालात, तुआसच्या गोदीत एवढी जहाजं बांधलीस, आता हिच्यावर हिवाळ्यात कव्हर कसं घालायचं ते सांग. असं कोणी विचारलं की माणूस काय करतो? सांगतो. बर्फ मी फ्रीजबाहेर पाहिलेला नाही, पण पाऊस मला माहीत आहे आणि मांडव मला माहीत आहे. मंडळाचा मांडव मी वीस वर्षं घालतोय. कापड चारी बाजूंनी ओढून बांधायचं, आणि पाणी साचून कापडाला पोट सुटलं की खालून बांबूने ढोसायचं. पाणी कडेने भसकन खाली येतं (तिथे नेमका कोणीतरी नवा शर्ट घालून उभा असतो). हेच मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही अक्षरशः तसंच केलंत. बर्फ पडला, त्यावर पाऊस पडला, तो गोठला, त्यावर आणखी बर्फ पडला. मी फोनवर पोट पाहिलं आणि म्हणालो, ढोसा. बांबू नव्हता म्हणून तुम्ही हॉकीची काठी घेऊन कव्हराखाली शिरलात. पाणी निघून जातं तसा बर्फ निघून जात नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कव्हर मधोमध फाटलं, बोटीची पुढची काच गेली, आणि शेजाऱ्याने फावड्याने उकरून काढेपर्यंत तुम्ही कमरेइतक्या बर्फात बसून होता. फोन तुमच्या हातातच असल्यामुळे मला बराच वेळ नुसतं पांढरं दिसत होतं. मी विचारलं, निघालं का पाणी? हा प्रश्न चुकला, हे मी मान्य करतो.

त्या दिवशी सुलेखाताईंचा शैलाला फोन आला, तो स्पीकरवर होता आणि मी दाराआडून ऐकला. ‘तुझा जहाजवाला’ हे शब्द दोनदा आले. शैला पाठमोरी होती, खांदे तेवढे हलत होते. मी तसाच मागे फिरलो.

तेव्हापासून मी स्वस्थ बसलेलो नाही. थंड मुलखातले लोक आपापल्या बोटींना कसं जपतात हे मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत सहा महिने वाचलं. त्याचं सार असं की कव्हराचं छत करायचं, ताट नाही. बोटीच्या मधोमध लांबीला एक आडवी दांडी, तिला खालून तीन खांब, म्हणजे कव्हर दोन्ही बाजूंनी उतरतं राहतं आणि बर्फ बसून न राहता घसरतो. पण कागदावर माझा मांडवही कधी पडला नव्हता, तेव्हा चाचणी घ्यायचं ठरवलं. आमच्या इमारतीखाली खांबांमधली मोकळी जागा आहे, तिला व्हॉइड डेक म्हणतात. शेजारपाजारच्यांची लग्नं आणि मयतं तिथेच होतात. ती मिळवायला अर्ज करावा लागतो. त्यात बोटीच्या कव्हराचा रकाना नव्हता, म्हणून मी ‘इतर’पुढे खूण केली. गणपती उठल्यामुळे मांडवाचे पाइप मोकळेच होते, त्यांचा तुमच्या बोटीच्या निम्म्या मापाचा सांगाडा दिलीप आणि मी उभा केला. बोट म्हणून तिथली दोन दगडी टेबलं धरली आणि वर निळी ताडपत्री घातली. राहिला बर्फ. मासळीबाजारातल्या कोह अंकलकडे मी बारा खोकी बर्फ मागितला. किती मासे म्हणाला. मासे नकोत म्हटल्यावर त्याने बर्फ दिला, पण तेव्हापासून पापलेट निवडून देताना तो पूर्वीसारखा हसत नाही.

आता व्हॉइड डेकमध्ये ताडपत्री ताणलेली, बर्फाची खोकी रचलेली, आणि तिथे मी सकाळपासून पांढऱ्या गंजीफ्रॉकात घाम पुसत उभा. सहाव्या मजल्यावरच्या मॅडम टान आल्या, माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, “अंकल, हू पास अवे आह?” मी म्हटलं कोणी नाही, बोट आहे. त्यांनी मान हलवली, माझ्या दंडावर थोपटलं आणि स्टूल ओढून बसल्या. मयताला एकट्याला सोडून जायची इथे रीत नाही. त्यांना बसलेलं पाहून आणखी तिघी येऊन बसल्या, एकीने बरोबर शेंगदाणे आणले. अशा गंभीर वातावरणात आम्ही ताडपत्रीवर बर्फ ओतला. मधली दांडी मी टेबलापेक्षा सहा इंच वर ठेवली होती. बर्फ हलला नाही, उलट ताडपत्रीला दोन्हीकडे पोट सुटलं. हेमचंद्रराव, बांबू माझ्या हाताशी होता. हात शिवशिवले. पण तुम्ही त्या पांढऱ्यात बसलेले आठवलात आणि मी बांबू दिलीपकडे देऊन टाकला.

बर्फ परत खोक्यात भरून दांडी दीड फूट वर नेली आणि पुन्हा ओतला. क्षणभर काही झालं नाही, मग सगळाच्या सगळा बर्फ एका दमात डावीकडे घसरला आणि मॅडम टान यांच्या पायांवर जाऊन थांबला. मी आनंदाने ओरडलो. बायकांनी टाळ्या वाजवल्या (का, ते त्यांनाही माहीत नसावं). आमची अवनी मदतीला म्हणून खाली आली होती, तिने सगळ्याचा व्हिडिओ काढला. तिचा शेरा एवढाच: “पप्पा, स्नो डझंट स्मेल लाइक फिश, लाह.” वीस मिनिटांत बर्फाचं पाणी झालं आणि व्हॉइड डेकभर बांगड्याचा वास पसरला. टाउन कौन्सिलचा माणूस आला, त्याने अर्जावरचं ‘इतर’ बराच वेळ वाचलं आणि माझ्या हातात मॉप दिला. दीड वाजेपर्यंत मी फरशी पुसत होतो. मांजरं मात्र तीन दिवस येत राहिली.

तर तुमच्या पूर्ण मापाच्या बोटीला मधली दांडी काठापेक्षा निदान तीन फूट वर घ्या. खांबांच्या टोकांना आणि जिथे जिथे कव्हर टोचेल तिथे ते चिरलेले चेंडू बसवा, म्हणजे कव्हर फाटणार नाही. दोर बोटीच्या पोटाखालून घेऊन आवळा, नुसते कडेला बांधू नका. दोन्ही टोकांना हवेला जरा फट ठेवा, नाहीतर आत बुरशी येते. बर्फ पडला की त्याच दिवशी बाहेर उभं राहून मऊ झाडूने लोटा, गोठू देऊ नका. आणि कितीही मोठं पोट दिसलं, कोणीही काहीही सांगितलं (मीसुद्धा), तरी खालून ढोसू नका. चित्र मागच्या पानावर काढलं आहे. त्यात बोटीखाली टेबलाचे पाय दिसतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

दिवाळीच्या तुम्हा दोघांना शुभेच्छा. कव्हर राहो की जाओ, लोभ तेवढा गेल्या नोव्हेंबरात होता तितकाच ठेवा.

तुमचा साडू,
निशिकांत

ता. क. – एक सांगायचं राहिलं. मी जहाजं बांधत नाही. मी तुआसच्या यार्डात खरेदी खात्यात आहे. रंग, दोर, हातमोजे आणि क्वचित शिडी. लग्नात सासऱ्यांनी ‘आमचे जावई जहाजं बांधतात’ अशी सगळ्यांशी ओळख करून दिली. माझ्या गळ्यात हार होता, समोर चाळीस माणसं रांगेत होती, दुरुस्ती करायची ती वेळ नव्हती, आणि नंतर कोणी पुन्हा विचारलंच नाही. शैलाला अर्थातच माहीत आहे. सुलेखाताईंना कृपा करून सांगू नका.

ता. क. २ – विनंती अशी: सांगाडा नाही केलात तरी चालेल. जवळपास शेड भाड्याने मिळत असेल तर बोट सरळ आत ठेवा (अवनी पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होती). पण या रविवारी साडेआठला फोन करा आणि सुलेखाताईंना समोर बसवा. मी ‘नमस्कार’ म्हणून लगेच खोलीबाहेर जाईन. शैलासाठी एवढं करा.

भाऊजी, पाकीट बंद करायला माझ्याकडे आलं म्हणून मी शैला चार ओळी लिहिते. ताईशी मी आठवड्यातून दोनदा बोलते, तुम्ही गुडघ्याच्या व्यायामाला गेलात की. भांडण कधी झालंच नाही. तुम्हा दोघांची ती पाच मिनिटं पाऊण तास चालायची, म्हणून रविवार बंद पडला तेव्हा आम्ही दोघींनी तो पडू दिला. त्या दिवशी मी रडत नव्हते, हसत होते. ‘निघालं का पाणी’ ऐकल्यावर दुसरं काय करणार? खरेदी खात्याचं ताईला लग्नाआधीपासून ठाऊक आहे, बाबांनाही होतं. बाबांना तसं सांगायला आवडायचं आणि यांना ऐकायला आवडतं, म्हणून कोणी काही बोललं नाही. तरी फोन कराच. मला नको आहे, यांना हवा आहे. नऊ महिने झाले, दर रविवारी हे आठला आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालतात आणि फोनसमोर जाऊन बसतात. मला बघवत नाही, म्हणून मी चालायला जाते. ताईला समोर बसवू नका, तुम्हीच बोला. जहाजांबद्दल काहीतरी विचारा.