यादीतले पहिले नाव

४ नोव्हेंबर १९६२, रविवार

आजपासून रोजनिशी. वहीची पहिली बारा पाने माझ्या लेकीने, सुशीलाने, चित्रे काढून संपवली आहेत. उरलेली मला पुरतील. संकल्प: रोज लिहायचे. खरे लिहायचे. कोणाला दाखवायचे नाही.

चीनने सरहद्दीवर हल्ला केला आहे. रेडिओवर रोज वाईट बातमी. संरक्षण निधीला सोने द्या म्हणून आवाहन चालू आहे. आमच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष भाऊराव आज येऊन गेले. स्ट्रीटवर यादी फिरवायची, आणि पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी शाळेच्या मैदानावर ज्याने त्याने आपले सोने आणून द्यायचे. यादी नेहमीप्रमाणे क्वार्टर नंबर एकपासून सुरू होईल. नंबर एक म्हणजे मी, गुलाबराव इंगोले.

एक शोध नोंदवून ठेवतो. यादी हातात आली की माणूस देवाला स्मरत नाही, वरचा आकडा पाहतो. गणपतीच्या वर्गणीला मी तीन वर्षे दोन रुपये लिहिले. तीन वर्षे सबंध स्ट्रीटने दोन रुपये दिले. सगळे सुखात होते. यंदा नंबर दोनमध्ये तो शेषराव काळमेघ राहायला आला आणि माझ्या दोनखाली सरळ पाच लिहून मोकळा झाला. त्याच्याखाली सगळ्यांचे पाच. मी एकटा दोनवाला राहिलो. पोरे अजून हसतात.

तोच शेषराव आता ऑफिसात माझा हेडक्लार्क. जागा माझी होती. सीनियॉरिटी माझी होती. त्याच्याकडे फक्त अक्षर आणि नम्रपणा आहे.

५ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७

योजना सुचली. दाढी करताना सुचली, त्यामुळे हनुवटीवर कापले.

मी पहिल्या ओळीत मोठे दान लिहिणार. इतके मोठे की खाली शेषरावला त्याहून कमी लिहिताना लाज वाटावी आणि त्याहून जास्त लिहिताना छातीत कळ यावी. त्याची बायको वसुंधरा हळदीकुंकवाला गोठ, पाटल्या, तोडे सगळे घालून येते. येऊ दे आता मैदानावर.

लिहिणार: पत्नीच्या सोन्याच्या पाटल्या, दोन, अंदाजे चार तोळे.

द्यायच्या अर्थातच नाहीत. पाटल्या सत्यभामाच्या वडिलांनी घातलेल्या. मंगळसूत्र सोडले तर घरात तेवढेच सोने, आणि ते मी सुशीलाच्या लग्नासाठी ठेवायचे ठरवले आहे. (सत्यभामाला अजून सांगितलेले नाही.) त्या रविवारी मी नागपूरला जाणार. अंजनाबाई मावशी आजारी पडेल. यादीत लिहिले आणि दिले नाही, असे लाखो लोक असणार. लढाईच्या धामधुमीत कोण मोजतो?

शिवाय माझे लिहिलेले पाहून बाकीचे जास्त देतील. म्हणजे देशाचा फायदाच आहे. हे कलम नंतर सुचले, पण महत्त्वाचे आहे.

६ नोव्हेंबर, मंगळवार

लिहिले. ऑफिसातच लिहिले, म्हणजे घरात वास लागायला नको. यादी नत्थूकडे दिली. नत्थू आमच्या ऑफिसचा चपराशी, मंडळाची यादी दारोदार तोच फिरवतो. त्याने वाचले आणि माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, बाबूजी, पाटल्या? मी म्हटले, देशापुढे पाटल्या काय चीज आहे! वाक्य चांगले जमले. भाऊरावांसमोर पुन्हा वापरावे.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

यादी आज डोळ्यांनी पाहिली. शेषरावच्या नावापुढे काय? रेघ! नुसती आडवी रेघ! खाली सही.

इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. वरच्या ओळीत चार तोळे आणि खाली रेघ. कँटीनमध्ये मी सहज विषय काढला. तिघांना सांगितले. नंतर लक्षात आले की रोलिंग मिलवाले कोपऱ्यात बसलेत, म्हणून जरा मोठ्याने पुन्हा सांगितले.

बाकी यादी दृष्ट लागण्यासारखी. नंबर तीन: कानातल्या कुड्या. चार: अंगठी. पाच: नथ. सहा नंबरवाल्याने आयुष्यात कोणाला बिडीसुद्धा दिली नाही, त्याने सोन्याची बटणे लिहिली. हे सगळे माझ्या एका ओळीने. कलेक्टरने माझी गाठ घ्यायला हवी.

१० नोव्हेंबर, शनिवार

एक गोष्ट खटकली. यादीच्या तळाशी नत्थूने स्वतःचे नाव घातले आहे. "ठकूबाईचे चांदीचे तोडे." ठकूबाई म्हणजे त्याची बायको, आमच्याकडे भांडी घासते. अधिकाऱ्यांच्या, बाबूंच्या यादीत चपराशी! आणि सोन्याच्या यादीत चांदी! यादीचा दर्जा जातो.

बोलावून विचारले. म्हणाला, "तुमचं पाहून लिवलं, बाबूजी. तुमी पाटल्या देऊन राहिले, तं आमी कावून बसून राहावं? ठकूच म्हने, बाबूजींनी देल्यावर आपल्याले का झालं?"

पाठ थोपटली. तोडे तिच्या आईचे आहेत म्हणे. मोडायला गेले तर फार पैसे येणार नाहीत. पायात वजन मात्र असावे, भांडी घासायला बसली-उठली की वाजतात.

११ नोव्हेंबर, रविवार

शेषराव घरी आला. चहा घेतला नाही. (गर्व.) हळू आवाजात सांगू लागला की नत्थूच्या घरात विकायजोगी तेवढी एकच वस्तू आहे, पोरगी आजारी असते, अडीनडीला तेच तोडे गहाण पडतात आणि सुटतात. तो म्हणाला, "तुमच्यापायी लिवलं त्यानं. तुमीच त्याले समजावून सांगा, तुमचं आयकंल तो. माहं नाही आयकत."

डाव ओळखला. स्वतःची रेघ झाकायला याला खालची नावे गाळायची आहेत! मी स्पष्ट सांगितले की गरिबाच्या देशभक्तीचा अपमान मी होऊ देणार नाही. तो उठून गेला. जिंकलो.

मात्र ठकूबाई होती तोवर मोरीकडून तोड्यांचा आवाज येत होता. सत्यभामाला म्हटले, दार लाव.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

सत्यभामा आजकाल गप्प असते. काही कळले की काय? शक्य नाही. ती यादी पाहत नाही आणि मी घरात काही बोललेलो नाही. बहुतेक डाळ महागल्यामुळे.

तिने विचारले, रविवारी का करून राहिले तुमी? मी सांगितले की मावशीला बरे नाही, नागपूरला जावे लागेल. ती म्हणाली, पत्र आलं का? मी म्हटले, निरोप आला. कोणाकडून, हे तिने विचारले नाही. समजूतदार बायको आहे, एवढे कबूल करतो.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस काळ्या शाईने लिहायला हवा, पण निळीच आहे.

भाऊरावांना मी म्हटले की रेघवाल्याचे नाव यादीतून काढा, पोरांवर वाईट परिणाम होतो. ते हसले. म्हणाले, "तुमाले माईत नाही का? शेषरावनं तं एक तारखेलेच दुर्गले जाऊन देलं सगळं. वसुंधराबाईचे गोठ, पाटल्या, तोडे. कलेक्टर कचेरीत. कोनाले सांगू नका म्हने. मी तिथंच होतो म्हनून मले माईत."

एक तारखेला! म्हणजे मी योजना आखली तेव्हा त्याच्या घरात सोने नव्हतेच!

हा सरळ विश्वासघात आहे. शेजाऱ्याला न सांगता गुपचूप दान करणे यासारखा उर्मटपणा नाही. दिले तर दिले म्हणून लिहा ना यादीत! मग मी कशाला चार तोळे लिहिले असते? कँटीनमधल्या तिघांना आता काय सांगू? रोलिंग मिलवाल्यांना तर मी नीट ओळखतही नाही.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

यादीतून पाटल्या काढता येतील का, पाहिले. येत नाहीत. मंडळाने सुवाच्य अक्षरात नक्कल करून क्लबच्या बोर्डावर लावली आहे. अक्षर शेषरावचे. माझे नाव सगळ्यात वर, आणि सगळ्यात सुंदर त्यानेच काढले आहे. किती खालच्या पातळीचा माणूस!

नागपूर पक्के.

१७ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी २

निघालो. गाडीत लिहितो आहे. सत्यभामाने न सांगता दशम्या बांधून दिल्या. स्टेशनवर नत्थू भेटला. उद्याच्या कार्यक्रमाचे फुलांचे हार घ्यायला स्टेशनबाहेरच्या पावर हाउस बाजारात आला होता. म्हणाला, "उद्या तं याल ना बाबूजी? ठकू तुमची वाट पाहून राहिली. तुमच्यानंतर देईन म्हने." मी म्हटले, गाडी वेळेवर आली तर. तो म्हणाला, येते ना बाबूजी, येते.

चपराशांनी इतके बोलू नये.

१८ नोव्हेंबर, रविवार. नागपूर

मावशी ठणठणीत. मला बघून भजी तळली. कशाला आलास म्हणाली. तुझी आठवण आली म्हटले, तर तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

सकाळी दहाला तिकडे कार्यक्रम सुरू झाला असेल. साडेदहाला माझे नाव पुकारले असेल. साडेदहापासून अकरापर्यंत भजी गेली नाहीत. पित्त असावे.

१९ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी

परत आलो. सत्यभामाने दार उघडले. हातात पाटल्या नाहीत.

मी म्हटले, चोरी झाली? पोलिसात सांगितलं का?

ती म्हणाली, "देल्या."

मग तिने सगळे सांगितले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उलट बोलता आले असते. म्हणाली, "ठकूनं मले पयल्याच दिवशी सांगतलं, यादीत तुमचं काय लिवलं हाय ते. म्या म्हटलं, इचारतीन. आज इचारतीन, उद्या इचारतीन. माह्या बापाच्या पाटल्या हायत, मले इचारल्याबिगर कशा देतीन? मंग तुमी मावशीले पाहाले चालले, तवा समजलं का द्यायच्याच न्हवत्या."

मी म्हटले, मग दिल्यास कशाला? मी तर नव्हतोच. कोणी बोलले नसते.

ती म्हणाली, "ठकू रांगेत उभी होती. पायाले साबन लावून तोडे काढून आनले होते, घोटे सोलले तिचे. तिचा नंबर आला तं म्हने, आधी बाबूजीचे. मले इचारते, बाई, बाबूजी कुठं हायत? समदे माह्याकडं पाहून राह्यले. मंग म्या का म्हनू? तुमी पळाले म्हनू? म्या म्हटलं, तेनंच पाठवलं मले. अन् काढून देल्या."

तांब्याभर पाणी प्यायलो. सुशीला कोपऱ्यात पाढे म्हणत होती. सतराचा म्हणत होती आणि चुकत होती. तिला ओरडलो.

२० नोव्हेंबर, मंगळवार

विचार केला. नीट पाहिले तर योजना फसलेली नाही. माझे नाव वर आहे. सोने पोचले आहे. ऑफिसात आठ जणांनी हात मिळवला. शेषरावने खुर्चीवरून उठून नमस्कार केला. म्हणाला, माझ्या मनात तुमच्याबद्दल वेगळं आलं होतं, माफ करा. मी माफ केले.

हा नमस्कार चार तोळ्यांचा आहे. इतका महाग नमस्कार मी कधी घेतला नव्हता.

२१ नोव्हेंबर, बुधवार

चीनने लढाई थांबवली! रेडिओवर सकाळी सांगितले. ऑफिसात सगळे गोंधळलेले. मी ताबडतोब सायकल काढून भाऊरावांकडे गेलो. लढाईच थांबली असेल तर जमा झालेल्या वस्तू परत करायची काही तरतूद आहे का, असे जनरल नॉलेज म्हणून विचारले. भाऊराव म्हणाले, "कोनाच्या वस्तू, गुलाबराव?"

मी म्हटले, नत्थूच्या. गरीब माणूस आहे.

ते म्हणाले, "त्याचे तोडे तं शेषरावनं सोडवले. तेवढ्या किमतीचे पैसे निधीत भरले अन् तोडे परत केले ठकूबाईले. तिनं पायात नाही घातले पुन्हा. पोरीच्या औषधाले ठेवले म्हने."

म्हणजे बोर्डावरच्या सगळ्या यादीत खरोखर फसलेला मी एकटा. निषेध.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

पावती आली. मला वाटले, फ्रेम करावी, बैठकीत लावावी. पावतीवर नाव: सत्यभामाबाई. पुढे नवऱ्याचे नाव नाही. सत्यभामाला विचारले, तर म्हणाली, लिवनाऱ्यानं इचारलं होतं, पूर्ण नाव सांगा. म्या म्हटलं, इतकंच.

फ्रेमचा बेत रद्द. लाकूड महाग आहे.

२५ नोव्हेंबर, रविवार. दुपारी

मन मोठे करायचे ठरवले. सत्यभामाचा हात पाहवत नाही. पाटल्या काढताना काचेच्या बांगड्याही फुटल्या होत्या. मनगटावर पाटल्यांच्या जागी पांढरे वळ आहेत, अठरा वर्षांचे. जेवायला वाढताना नेमके तेच ताटावर येतात. जेवण जात नाही, आणि या वेळी पित्त नाही.

पावर हाउसला कासारीण बसते. बांगड्यांसाठी खिशातून आठ आणे काढले. तिने न मागता काढले, हे नोंदवून ठेवतो. स्वयंपाकघरात जाऊन म्हटले, हे घे, बांगड्या भरून ये. हिरव्या भर. दोन्ही हातांत भर.

तिने पदराआडून हात पुढे केले. दोन्ही मनगटे हिरव्या बांगड्यांनी भरलेली. म्हणाली, "ठकूनं आनून भरल्या सकाळी. पैसे देऊन राह्यली होती मी, घेतले नाही तिनं."

मी आठ आणे परत खिशात ठेवले.