बारा रविवारांचा ऑक्सिजन

रविवार, २८ जानेवारी
आजपासून ओढा माझा. म्हणजे कॉलनीमागचा ओढा वाचवायला एक समिती निघाली आहे आणि तिथलं पाणी तपासायचं काम मी मागून घेतलं. खरं तर अध्यक्षपद मागणार होतो. पण मी बाईंच्या हॉलमध्ये पोचेपर्यंत बाईच अध्यक्ष होऊन चहा ओतत होत्या. बाईंनी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आहे. अजूनही बोलताना समोरच्याने गृहपाठ केलाय की नाही अशा नजरेने बघतात.

प्रकरण असं आहे. नगरपालिकेला ओढ्यावर स्लॅब टाकून वर पार्किंग करायचं आहे. ओढा मेलेला आहे, ते गटारच आहे, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी अर्जावर अर्ज करून तीन महिने मिळवले. २४ एप्रिलला अधिकारी येणार, ओढ्यात काही जीव उरलाय का बघणार आणि निर्णय देणार.

मला पेनाएवढं एक यंत्र मिळालं. पाण्यात बुडवलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन किती तो आकडा दिसतो. पाचच्या वर मासे जगतात. दोनच्या खाली काहीही नाही. दर रविवारी सकाळी सातला, पुलाखाली, त्याच जागी मोजायचं. त्याच जागी हे बाईंनी तीनदा सांगितलं. मला एकदा पुरतं. ऑफिसात एकतीस वर्षं आवक-जावक रजिस्टर सांभाळलेला माणूस आहे मी.

निश्चय: उद्यापासून पाचला उठणे. ओढ्याकाठी फेरी मारणे.

सोमवार, २९ जानेवारी
साडेआठला उठलो. तसाही ओढा रविवारचा आहे.

रविवार, ४ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
पहिली मोजणी. पुलाखाली समितीची माणसं आधीच गुडघाभर चिखलात होती. त्यांचं काम वेगळं, अंगमेहनतीचं. दातांचे डॉक्टर उंच गमबूट घालून घमेल्याने गाळ उपसत होते. गेल्या आठवड्यातच त्यांच्या बिल्डिंगचा सांडपाण्याचा पाइप ओढ्यातून काढून ड्रेनेजला जोडून घेतला म्हणे. सगळे त्यांचं कौतुक करत होते. मला वाटतं, माणसाने काम करावं, पण इतकं दिसेल असं करू नये.

पुलापर्यंत गेलो नाही. माझे बूट नवे आहेत. शिवाय पुलाच्या अलीकडेच, लॉन्ड्रीच्या मागे, दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. नीट विचार केला. पूल वरच्या अंगाला, पायऱ्या खालच्या. म्हणजे पुलाखालचं पाणी थोड्या वेळाने पायऱ्यांपाशी येतंच. पाणी स्वतःहून माझ्याकडे येत असताना मी त्याच्याकडे चिखल तुडवत का जायचं?

पायऱ्यांपाशी पाणी आश्चर्यकारक नितळ. तळाचे दगड दिसतात. बाजूच्या भिंतीतूनही एक झरा येतो. यंत्र बुडवलं. ६.९.

रविवार, ११ फेब्रुवारी
७.०. समितीला दोन आठवडे झाले आणि हा फरक. बाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी आकडा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाल्या, हे फार चांगलं आहे, फारच. त्यांच्यासारखी बाई एक शब्द दोनदा वापरते म्हणजे कौतुक समजायचं.

पुढे त्यांनी विचारलं, पुलाखालीच मोजता ना. मी म्हणालो, त्याच परिसरात.

शनिवार, १७ फेब्रुवारी
घरात पाणी येत नाही. म्हणजे येतं, पण बाथरूमच्या नळाला करंगळीएवढी धार. बादली भरेपर्यंत पेपर वाचून होतो. ही म्हणाली, अहो, गावाचा ओढा वाचवताय तर घरच्या नळाचंही बघा. टोमणा होता, पण मी तो काम म्हणून स्वीकारला. तक्रार लिहिणं हा माझा हातखंडा. पाणीपुरवठा खात्याला दोन पानी पत्र तयार केलं. मुद्देसूद. क्रमांक एक ते अकरा.

रविवार, २५ फेब्रुवारी
७.१. गेल्या रविवारी जाता आलं नाही (थंडी). पण आधीच्या आणि नंतरच्या आकड्याची सरासरी काढून त्या तारखेला टाकली. सरासरी ही मान्य पद्धत आहे. ऑफिसात आम्ही कित्येक तिमाह्या तशाच काढल्या.

रविवार, १० मार्च
७.१. डॉक्टरांनी आणखी दोन बिल्डिंगांना पाइप वळवायला लावलं. लोकांच्या दारात जाऊन तासन्‌तास बसतात म्हणे. दात काढणाऱ्याला माणसाला खुर्चीत धरून ठेवायची सवय असते. बाईंनी काठाला पाणकणीस लावलं आहे. उंच गवतासारखं असतं आणि मुळांनी पाणी गाळतं असं त्या सांगतात. तिघंचौघं मिळून रोज त्याच्याभोवतीचं प्लास्टिक वेचतात.

सगळे राबताहेत हे खरं. पण प्रगती झाली हे कळतं कशावरून? माझ्या वहीवरून. हे कुणीतरी बोलून दाखवायला हरकत नव्हती.

शुक्रवार, १५ मार्च
पाणीपुरवठ्याला पहिलं स्मरणपत्र.

रविवार, १७ मार्च
७.२. आज बाई स्वतः घरी आल्या. वही बघायला मागितली. मी आठवड्यापूर्वीच ती स्वच्छ अक्षरात उतरवून, लाल शाईने रेघा मारून ठेवली होती. बाईंनी पान न्‌ पान बघितलं. म्हणाल्या, माझा अंदाज एकच्या आसपास होता, मी चुकले असेन. मी त्यांना म्हणालो, वाईट वाटून घेऊ नका.

जाताना दारात थांबून पुन्हा विचारलं, जागा तीच ना, दर वेळी तीच. मी म्हणालो, एक इंचही हललो नाही. हे शंभर टक्के खरं आहे. मग त्या म्हणाल्या, तर मग हेच आकडे अधिकाऱ्यांपुढे ठेवू, बाकी आपल्याकडे दाखवण्यासारखं काही नाही.

त्या गेल्यावर ही म्हणाली, तुम्ही पुलाखाली कधी गेलात, बुटांना कधी चिखल दिसला नाही. मी सांगितलं, शास्त्रीय कामाला चिखल लागत नाही.

रविवार, ३१ मार्च
७.२. भाषणाची तयारी सुरू. २४ तारखेला अधिकारी दोन शब्द बोला म्हणणारच.

निश्चय: भाषणात डॉक्टरांचा उल्लेख करणे. शेवटाकडे.

सोमवार, ८ एप्रिल
पाणीपुरवठ्याला चौथं स्मरणपत्र. या वेळी प्रत वरिष्ठांना.

शुक्रवार, १९ एप्रिल
विजय. दुपारी पाणी आलं. नळ सोडला तर बादली डचमळून बाहेर. ही चक्क हसली. तिने गच्चीवरून बघितलं होतं. खात्याची चार माणसं सकाळपासून लॉन्ड्रीमागे खणत होती. मोठा पाइप तिथे फुटला होता, पिण्याचं पाणी कित्येक महिने भिंतीतून ओढ्यात जात होतं. त्यांनी तो बुजवला. जाताना एकाने हिला सांगितलं, साहेबांच्या पत्रांमुळे आलो, नाहीतर पुढच्या वर्षावर गेलं असतं.

माझ्या आयुष्यात वेळेवर निकाली निघालेली ही पहिली तक्रार. पत्राची नक्कल फ्रेम करायचा विचार आहे.

रविवार, २१ एप्रिल, सकाळी ९.१०
यंत्र बिघडलं. ०.९ दाखवतं. पाणीही आज जरा गढूळ वाटलं, झरा बंद आहे, उन्हाळ्याचा परिणाम. सेल बदलला. ०.९. धुऊन, पुसून पुन्हा बुडवलं. ०.८. चीनहून आलेल्या वस्तूंचं असंच असतं. गेल्या अकरा आठवड्यांचा कल बघून ७.३ लिहिलं.

मंगळवार, २३ एप्रिल
भाषण पाठ झालं. हिला म्हणून दाखवलं. ऐकताना ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, अहो, तुमचा तो लॉन्ड्रीमागचा झरा म्हणजे फुटलेला पाइप नव्हे ना. मी म्हणालो, तू विषय बदलू नकोस. दुपारभर जरा अस्वस्थ होतो. अपचन असावं.

बुधवार, २४ एप्रिल
भाषण झालं नाही.

अधिकारी साधा माणूस होता. स्वतःचं यंत्र घेऊन आला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून थेट पुलाखाली उतरला. १.८. बाईंनी माझी वही पुढे केली. त्याने वही बघितली, ओढ्याकडे बघितलं, परत वही बघितली. विचारलं, हे सात कुठे मोजलेत. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, त्याच परिसरात. तो म्हणाला, दाखवा. पायऱ्यांपाशी गेलो. भिंतीला ओलं सिमेंट होतं. तो म्हणाला, अहो, हा तर आमचा फुटलेला पाइप, कुणीतरी चार-चार स्मरणपत्रं पाठवली होती. फाइलीत बघून त्याने नाव वाचलं.

कुणीच हसलं नाही. डॉक्टरसुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी खुलासा केला की ओढा अखेर एकच असतो. त्यावर अधिकारी जे बोलला ते शब्द न्‌ शब्द लिहून ठेवतो. म्हणाला, मला सात नकोच होते. सात वस्तीतल्या कुठल्याच ओढ्यात नसतात. १.८ वाईट आहे, पण फेब्रुवारीत हेच अर्धं किंवा एक असेल, तर ओढा सुधारतोय असं मी लिहू शकतो आणि एक वर्ष थांबवू शकतो. पुलाखालचा एक जुना आकडा द्या. एकच. सोमवारपर्यंत.

बाई वही छातीशी धरून उभ्या होत्या.

शुक्रवार, २६ एप्रिल
दोन दिवस वहीसमोर बसलो. आज दुपारी एका कोऱ्या ओळीत लिहिलं: ४ फेब्रुवारी, पुलाखाली, ०.६. शाई तीच, अक्षर तेच, शेजारी लाल रेघ. बघायला सगळ्यात खरा आकडा वाटतो. आणि कदाचित असेलही खरा. बाईंचा अंदाज एकच्या आसपासच होता. सरासरी काढली होती, कल बघून लिहिलं होतं, मग हेही त्यातलंच. शिवाय यात नुकसान कुणाचं?

संध्याकाळी
बाई आल्या. बसल्या नाहीत. विचारलं, एक तरी?

माझ्या हातात वही होती आणि ते पान उघडंच होतं. बाईंचा चेहरा असा होता की मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी ते मानलं असतं. तीन महिने तसंच तर केलं होतं त्यांनी. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

नाही म्हणालो. एकही नाही. हा आत्ता लिहिलाय.

बाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तीन बिल्डिंगांचे पाइप वळवले, एवढा गाळ काढला, पाणी सुधारलंच असणार. आता ते कधी कळायचं नाही. मग यंत्र परत मागितलं. मी पुसून दिलं.

सोमवार, २९ एप्रिल
पत्र आलं. स्लॅबचं काम पुढच्या महिन्यात.

मंगळवार, ३० एप्रिल, सकाळी सात
पुलाखाली गेलो. पायऱ्यांपासून चाळीस पावलं आहेत, जास्त नाही. डॉक्टर आणि आणखी दोघं गाळ उपसतच होते. कशासाठी, ते विचारलं नाही. डॉक्टरांनी एक घमेलं माझ्याकडे सरकवलं.

पाणकणसाच्या बुडाशी पाण्यात काहीतरी हललं. बोटभर असेल. बराच वेळ बघत राहिलो, पण पुन्हा दिसलं नाही. मासा होता की प्लास्टिक, खात्रीने सांगता येत नाही. म्हणून वहीत लिहिलं नाही.