मागे न घेतलेला बोल

४ नोव्हेंबर १९७३
सोलापुरात पाऊल ठेवलं आणि नशीबच उघडलं. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचं, उरल्या वेळात प्रबंधासाठी लोकांच्या जिभेच्या घसरणी गोळा करायच्या. सिद्धलिंगप्पांच्या घरात खोली मिळाली. मराठी, कानडी दोन्ही बोलणारं घर, म्हणजे माझी खाणच. पण घरमालकीण रुद्राणीबाई माझ्या मुळावर उठल्यात. कुणाचं बोलणं चुकलं की ऐकणाऱ्यानं लगेच बरोबर शब्द मोठ्यानं म्हणायचा, असा इथला रिवाज. याला बोल मागं घेणं म्हणतात. चुकणाऱ्याला स्वतःचा बोल घेता येत नाही. आणि कुणीच घेतला नाही तर वास्तू तथास्तु म्हणते म्हणे. मला हसू आवरेना. वच्छला बाळाला घेऊन करमाळ्याहून आली की सांगेन तिला.

९ नोव्हेंबर
आज घबाड. शेजारचा जोतीराम गिरणीत पाळीला निघाला. ‘येतो’ म्हणायचं, तर ‘जातो’ म्हणाला. रुद्राणीबाई तोंड उघडणार तोच मी त्यांना गप्प केलं. घसरण टिपून होईपर्यंत दुरुस्ती नको. बाईंचा चेहरा पांढरा पडला.

१० नोव्हेंबर
जोतीराम गेला. मागावरच कोसळला. योगायोग, दुसरं काय. पण त्याची आई सारजाबाई उंबऱ्याशी येऊन सगळ्यांदेखत म्हणाली, माझ्या लेकाचा बोल तुमी अडवला, आता तुमचा बी कुणी मागं घ्यायचं न्हाई.

१३ नोव्हेंबर
गल्लीत कुणी बोलत नाही. मी नळावर गेलो की बायका पदराचा बोळा तोंडात धरतात. गेले उडत. खोली सोडतो असं सिद्धलिंगप्पांना सांगायला गेलो, तर तोंडून निघालं, सोडत नाही. त्यांनी काही तो बोल मागं घेतला नाही.

१५ नोव्हेंबर
ट्रंक घेऊन निघालो. उंबऱ्यापलीकडे पाऊलच पडत नाही. वच्छलाला कार्ड लिहिलं, येऊ नकोस. पेटीत टाकायला कुणी घेत नाही. खिडकीतून हाका मारतो. माना फिरवतात —

१७ नोव्हेंबर
वच्छला आली. बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. तिनं विचारलं, बाळाला कुठे ठेवू. पाळण्यात, म्हणायचं होतं. मी म्हणालो, मातीत.

दारात रुद्राणीबाई, सारजाबाई. ऐकलं दोघींनी. मी त्यांचे पाय धरले. बोल घेत नाहीत —

वच्छलानंही ऐकलंय. तिनं घेतला तरी चालेल. तिला रिवाज ठाऊक नाही. तू म्हण, असं सांगायला गेलो आणि निघालं, बोलू नकोस. आता तिला — तिचा आवाजच —

बाळ गार पडतंय. लिहून दाखवतो. ओठ तरी हलव. वच्छला, वाच, म्हण — बाळाला मातीत
नाही — बाळाला माती —